दुपारचा आकडा

"मुलीला ज्युवेनाइल डायबेटिस आहे," जळगावचे डॉक्टर म्हणाले. वैशालीचे वडील डॉक्टरांकडे बघत राहिले आणि मी फरशीकडे. वैशाली तेव्हा अकरा वर्षांची होती, सहावीत. ती मध्ये स्टुलावर बसून पाय हलवत होती.

ज्युवेनाइल डायबेटिस म्हणजे लहान मुलांचा मधुमेह. आपल्या शरीरात इन्सुलिन तयार होतं, ते रक्तातली साखर अंगी लागू देतं. हिच्या शरीरात ते तयार होणंच बंद झालं होतं. आधीचे दोन महिने ती सारखी पाणी पीत होती, मोरीत मुंग्या लागत होत्या, फ्रॉक खांद्यावरून उतरत होते. आमच्या सावद्यात सगळे म्हणाले, पोरगी उंच होतेय.

"रोज इंजेक्शन," डॉक्टर म्हणाले. "किती दिवस?" ह्यांनी विचारलं. "जन्मभर." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, हे तुम्हालाच करायचं आहे."

मी चौथी शिकलेली. चारचौघांत मला बोलता येत नाही. दवाखान्यात तर पदर तोंडाशी धरूनच बसते. पण आकडे मला वाचता येतात. सुई कशी धरायची, औषध किती भरायचं, ते मी तिथल्या सिस्टरकडून शिकले.

हे वहीत लिहिते आहे ते दुसऱ्या कुठल्या आईच्या हाती पडलं तर तिने नीट वाचावं. माझ्याकडून काय झालं ते मी लपवणार नाही.

पहिलं वर्ष आम्ही लघवी तपासायचो. निळ्या औषधात थेंब टाकून परीक्षानळी गरम करायची. रंग निळा राहिला तर चांगलं, विटेसारखा लाल झाला तर वाईट. ह्यात साखरेचा नुसता अंदाज कळतो, आकडा कळत नाही.

मग यंत्र आलं. जळगावच्या दवाखान्यात एका कंपनीचा माणूस यंत्र दाखवणार होता, म्हणून आम्हाला बोलावलं. यंत्र हाताच्या पंजात मावेल एवढं. त्याला ग्लुकोमीटर म्हणतात. पट्टी यंत्रात घालायची, बोटाला टोचून रक्ताचा थेंब पट्टीवर ठेवायचा, मिनिटभरात आकडा येतो. त्या माणसाने स्वतःचं बोट टोचून दाखवलं. "एक थेंब आणि एक मिनिट. यंत्र खोटं बोलत नाही," तो म्हणाला आणि बाकावर बसलेल्या पोरांकडे बघून हसला. "आता लपूनछपून लाडू खाल्ला की आईला लगेच कळणार!" सगळे हसले. वैशालीसुद्धा हसली.

ह्यांनी यंत्र घेतलं. यंत्र एकदाच घ्यायचं, पट्ट्या मात्र कायम त्याच कंपनीच्या. दुसऱ्या पट्ट्या त्यात चालत नाहीत. कंपनीचा धंदा त्याच्यावरच चालतो, हे पुढे कळलं.

डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं. सकाळी उपाशीपोटी आणि दुपारी चारला साखर बघायची. सकाळ-संध्याकाळचं इंजेक्शन ठरलेलं. चारला तीनशेच्या वर आकडा आला तर त्याच वेळी चार युनिट इन्सुलिन जास्तीचं. आणि हायपो सांगितलं. हायपोग्लायसेमिया म्हणजे साखर फार उतरणं. घाम सुटतो, हातपाय कापतात, भूक लागते, मूल चिडचिड करतं. असं झालं की लगेच साखरपाणी द्यायचं. हे मला सांगितलेलं होतं. मला पाठ होतं.

हिवाळा चांगला गेला. आकडे चांगले आले.

उन्हाळा लागला की आमच्याकडे सुकेळी करतात. पिकलेली केळी सोलायची आणि ओट्यावर जाळ्यांवर मांडून उन्हात वाळवायची. जेवणं आटोपली की आम्ही चार-पाच बायका सोलायला बसतो. चारपर्यंत हात आणि पदर केळीने चिकट होतात.

त्याच दिवसांत दुपारचा आकडा वाढायला लागला. तीनशे वीस, तीनशे साठ. सकाळी मात्र एकशे दहा, एकशे वीस.

सासूबाईंना घरात सगळे अक्का म्हणतात. त्या म्हणाल्या, "सकाळी चांगली आन् दुपारी वाढती? मंग दुपारी केळांवर हात मारती, दिसत नही का तुले?" सोललेली केळी ओट्यावर उघडीच असत.

मी वैशालीला विचारलं. "मीनं नही खाल्लं वं, माय," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तीनशे नव्वद. मी पुन्हा विचारलं, तिने पुन्हा तेच सांगितलं. मी तिच्या थोबाडीत मारली. यंत्र समोर होतं आणि ती माझ्या तोंडावर खोटं बोलत होती, असं मला वाटलं.

सोलायला येणाऱ्या बायका चेष्टा करायच्या. "काय वं वैशे, आज किती गिळले?" "अक्का, मोजून ठेवा वं जाळीवरचे!" ती सुरुवातीला भांडायची. मग बोलेनाशी झाली.

रोज दुपारी मी चार युनिट जास्तीचं देत होते. आणि एके दिवशी पाचच्या सुमाराला ती सापडली, कोठीत, गुळाचा खडा तोंडात. तिचे हात थरथरत होते. ह्यांनी तिला दंडाला धरून बाहेर आणलं, अंगणात सगळ्यांसमोर कंबरेच्या पट्ट्याने मारलं. ती ओरडत होती, "मले कसंतरी होऊ राहिलं व्हतं!" आम्हाला वाटलं, सापडली म्हणून कापते. त्या दिवसापासून दुपारभर तिला मधल्या खोलीत कडी लावून ठेवायला लागलो. चारला कडी काढायची, बोट टोचायचं.

खोलीत कोंडलेली असूनही आकडा चारशे एकतीस आला.

हा विचार मी का केला नाही, ते मला सांगता येत नाही. बंद खोलीत केळं आलं कुठून? अक्का म्हणाल्या, "खिडकीतून कोणी देत आसंल. आज तिले जेवाले देऊ नको. साखर उतरू दे." मी जास्तीचं इंजेक्शन दिलं. संध्याकाळचं ठरलेलं इंजेक्शनही दिलं. ताट दिलं नाही. ती म्हणत होती, "माय, भूक लागली, थोडीशी भाकर दे." तिचं कपाळ घामाने भिजलं होतं. मला हायपो पाठ होता. पण चारशे एकतीस हा आकडा मी डोळ्यांनी पाहिला होता.

दिवेलागणीला तिला झटके आले.

सावद्याच्या डॉक्टरांना ह्यांनी आकडा सांगितला. म्हणून त्यांनी ग्लुकोज दिलं नाही. साखर आधीच चारशेच्या वर, अजून कशी देणार? जळगावला न्या म्हणाले. जीपमध्ये तासाहून जास्त वेळ तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. माझ्या पिशवीत डब्यात साखर होती.

जळगावला पोचल्याबरोबर त्यांनी शिरेतून रक्त घेऊन तपासलं. साखर बावीस होती. ड्यूटीवरचे तरुण डॉक्टर आमच्यावर ओरडले, "चारशे कोणी सांगितलं?" मी यंत्र पुढे केलं.

ग्लुकोज दिलं तरी ती उठली नाही. तीन दिवस उठली नाही.

दुसऱ्या दिवशी तेच डॉक्टर यंत्र घेऊन माझ्याजवळ आले. हे खाली चहाला गेले होते. "मावशी, तुम्ही कसं तपासता, मला करून दाखवा. माझ्या बोटावर." मी बेसिनवर त्यांचं बोट साबणाने धुतलं. रोज वैशालीचं धुवायचे तसंच. मग पदराने पुसलं. बोट दाबून धरलं, टोचलं, थेंब पट्टीवर ठेवला.

दोनशे अठ्ठ्याऐंशी.

 डॉक्टरांनी स्वतः उठून बोट पुन्हा धुतलं, कापसाने पुसलं, दुसरी पट्टी लावली. चौऱ्याण्णव. मग त्यांनी माझा पदर हातात घेऊन वास घेतला. कालपासून तेच पातळ अंगावर होतं.

"हे काय आहे?" "केळी," मी म्हणाले.

त्यांनी मला समजावून सांगितलं. अशा यंत्राला बायोसेन्सर म्हणतात. पट्टीच्या टोकाला एन्झाइम लावलेलं असतं. एन्झाइम म्हणजे सजीवांच्या शरीरात सापडणारा पदार्थ. हा फक्त ग्लुकोज साखरेला ओळखतो. साखर भेटली की अगदी थोडी वीज तयार होते आणि यंत्र ती मोजून आकडा दाखवतं. "पण साखर रक्तातली की केळीतली, हे त्याला कळत नाही," डॉक्टर म्हणाले. "थेंब लहान असतो. बोटाला लागलेला एवढासा रस पुरतो."

सकाळी मी धुतलेलं पातळ नेसलेली असायची. म्हणून सकाळचे आकडे चांगले यायचे.

तो कंपनीचा माणूस त्याच आठवड्यात दवाखान्यात आला होता. डॉक्टरांनी त्याला माझ्यासमोर सांगितलं. त्याने बॅगेतून घडी केलेला कागद काढून बोट ठेवलं. "नळाचं चित्र दिलेलं आहे, सर. हात धुवा असं स्पष्ट आहे." चित्र खरंच होतं. पुसायचं कशाने, त्याचं चित्र नव्हतं. मग तो नव्या पट्ट्यांचं खोकं कंपाउंडरला दाखवायला गेला.

चौथ्या दिवशी वैशालीने डोळे उघडले. अठरा दिवसांनी घरी आणली. तिचा उजवा हात कापतो. शब्द लवकर सापडत नाहीत. सकाळचं संध्याकाळी आठवत नाही. डॉक्टर म्हणाले, मेंदूला फार वेळ साखर मिळाली नाही, आता जेवढं आहे तेवढं जपा. तिची शाळा सुटली. वर्गात तिचा दुसरा नंबर असायचा.

पदराचं मी ह्यांना दवाखान्यातच सांगितलं.  ते म्हणाले, "झालं ते झालं. हे गावात सांगत बसू नको. अक्काले बी नको." मी नाही सांगितलं. न बोलण्याची मला सवयच होती.

म्हणून गावात एवढंच माहीत होतं, की वैशालीने चोरून केळी खाल्ली आणि तिचा मेंदू गेला.

आयांनो, मुलाचं बोट धुवा, तुमचेही हात धुवा, आणि स्वच्छ कापसाने पुसा. मूल घामाघूम होऊन भूक लागली म्हणत असेल तर आकडा काहीही असो, आधी साखर द्या. आकडा आणि मूल वेगवेगळं सांगत असतील तर पुन्हा धुवून पुन्हा तपासा. मला एक पट्टी जास्तीची लागली असती, एवढंच.

त्या तरुण डॉक्टरांचे माझ्यावर उपकार आहेत. त्यांनी मला दोष दिला नाही, करून दाखवा म्हणाले. त्यांनी विचारलं नसतं तर मी आजही तेच करत असते.

पुढच्या उन्हाळ्यात बायका पुन्हा सोलायला बसल्या. वैशाली उंबऱ्यात बसली होती. एकीने सहज विचारलं, "काय वं बाई, आता तं नही खात ना चोरून?"

वैशाली हसली. "नही," ती सावकाश म्हणाली. "आता नही खात. तव्हा लई खाल्ले मीनं."

तिला काहीच आठवत नव्हतं. लोक म्हणत होते ते तिने खरं धरलं होतं.

हातातलं केळं मी जाळीवर ठेवलं. मी म्हणाले, "तिनं तव्हा बी नही खाल्लं. एक बी नही. माह्या पदराले रस व्हता, मीनं त्यानं तिचं बोट पुसलं. मशीननं पदरातली साखर दाखवली. माह्या हातानं झालं हे."

"गप राय," अक्का म्हणाल्या. "येड लागलं का तुले?"

"नही ऱ्हात गप," मी म्हणाले. मी अक्कांना असं कधीच बोलले नव्हते. मग सगळं सांगितलं, गुळाच्या खड्याचं, पट्ट्याचं, कडीचं, न दिलेल्या ताटाचं.

वैशाली माझ्याकडे बघत होती. "मीनं नही खाल्लं?" तिने विचारलं.

"नही, माय. तू खरं बोलत व्हती."

संध्याकाळपर्यंत ती ते विसरली. दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणाली, मी केळी खाल्ली म्हणून असं झालं. मी पुन्हा सांगितलं. आता रोज सांगते, जो कोणी समोर असेल त्याच्यासमोर, मोठ्याने.