काकूंच्या बाजूचा बांध

जगातली कोणतीही वस्तू नीट मोजली की भांडण न होता वाटता येते, यावर आमच्या मोजणीदार काकांइतकी श्रद्धा असलेला दुसरा माणूस मी पाहिला नाही. काका माझ्या वडिलांचे मित्र. सरकारी मोजणी खात्यात सारा जन्म गेला; जिंतूरपासून गंगाखेडपर्यंत एखादं शिवार त्यांच्या पायाखालून सुटलं असेल असं मला वाटत नाही. निवृत्त होऊन झरीला राहायला आले, तरी मोजणी काही सुटली नाही. लग्नाला गेले की पंगत बसायच्या आत मांडव पावलांनी मोजून व्हायचा. आमच्या घरी आले आणि कलिंगड कापायचं असलं की वडील सुरी त्यांच्याच हाती देत. आम्ही चार भावंडं एरवी एकमेकांच्या जिवावर उठलेलो, पण काकांनी कापलेल्या फोडीवरून कधी भांडलो नाही.

त्यांच्या घरात मुलीच्या शिक्षणासाठी घेतलेला एक कम्प्युटर होता. मुलगी नोकरीला पुण्याला गेली आणि तो काकूंच्या ताब्यात आला. काकू गावातल्या बुद्धविहारात बायकांना गाणी शिकवत. गावातल्या म्हाताऱ्या बायकांना घरी बोलवायचं, चहा पाजायचा आणि त्यांची गाणी त्या कम्प्युटरवर भरून ठेवायची, असा त्यांचा नेम. म्हणणाऱ्यांपैकी तिघी पुढे वारल्या, पण त्यांचे आवाज घरात राहिले. अशात काकांनी कुठंतरी वाचलं की विंडोजच्या शेजारी लिनक्स नावाची दुसरी, फुकटची सिस्टीम त्याच कम्प्युटरवर नांदवता येते. एकाच रानात दोन खातेदार म्हटल्यावर काका थोडेच गप्प बसणार? त्यांच्या खात्यात मोजणीआधी लगतच्या खातेदाराला नोटीस द्यावी लागे, म्हणून त्यांनी काकूंना पंधरा दिवसांची रीतसर नोटीस दिली, दोन प्रतींत. काकूंनी भाकरी थापता थापता पिठाच्या हाताने सही केली. पंच म्हणून मला बोलावलं. मी परभणीला एका कॉलेजच्या ऑफिसात दाखले छापतो, एवढीच माझी लायकी.

पण त्या दिवशी मी जे पाहिलं त्याने थक्क झालो. सत्तरीच्या घरातला माणूस, चष्मा नाकावर घसरलेला, आणि समोर हार्ड डिस्कची वाटणी चाललेली. निम्मी जागा काकूंना, पाव स्वतःला आणि उरलेलं गायरान, म्हणजे दोन्ही बाजूंनी ये-जा करता येईल अशी सामाईक जागा. कोणता तुकडा कितव्या आकड्याला सुरू होतो आणि कितव्याला संपतो, ते त्यांनी पेन्सिलीने आपल्या मोजणीवहीत उतरवून घेतलं.

"काका, आकडे कम्प्युटरमधी हायतच की," मी म्हणालो.

"रानात हद्दीचे दगड बी असतेत," ते वहीतून मान वर न करता म्हणाले. "तरी वही लागती."

तेव्हापासून कम्प्युटर लावला की पडद्यावर दोन नावं येत आणि कुणाकडे जायचं ते विचारलं जाई. दहा सेकंदांत कळ दाबली नाही, तर आपोआप काकांची बाजू उघडे.

पुढे काकांना जागा कमी पडू लागली. सबंध जिल्ह्याचे नकाशे त्यांनी आपल्या बाजूला भरून घेतले होते. एका दुपारी काकू विहारात गेल्या असताना काकांनी नोटीस न देता बांध काकूंच्या बाजूला सरकवला, अगदी थोडासा. ज्या बांध कोरणाऱ्यांवर ते जन्मभर चिडत आले, तेही थोडासाच सरकवत असत. कम्प्युटर पुन्हा लावला, तर काकूंची बाजू उघडेना.

निरोप मिळून मी पोचलो तेव्हा काकू दारातच बसल्या होत्या. "जिनगीभर लोकायचे बांध सरळ केले यांनी, अन् घरात कोरला," एवढंच म्हणाल्या. काका मान खाली घालून बसलेले. त्यांची मान शरमेने खाली गेलेली मी तोवर पाहिली नव्हती. मी शहरातल्या एका दुरुस्तीवाल्याला फोन केला. सगळं पुसून नव्याने टाकावं लागेल, असं तो म्हणाला. ते ऐकून काका उठले आणि वही घेऊन आले.

"नकाशा बिघडलाय, रान न्हाई. त्या जागंत मी अजून काहीच टाकलं न्हाई. नांगर फिरला न्हाई."

मी वहीतले जुन्या बांधाचे आकडे वाचत गेलो, ते एकेका बोटाने टाइप करत गेले. प्रत्येक आकडा तीनदा तपासला. आकडा एकही चुकला नाही. कम्प्युटर पुन्हा सुरू झाला. काकूंची बाजू उघडली, आणि पहिल्याच फाइलीत एक म्हातारी खोकली, घसा साफ केला आणि गाऊ लागली. काकूंनी डोळ्यांना पदर लावला. मी काकांना हात जोडले.

त्याच दिवशी काकांनी स्वतःला शिक्षा दिली. आता काही न दाबता काकूंची बाजू उघडणार होती. "मला माझ्याकडं जायचं तर मी कळ दाबून जाईन," ते म्हणाले, आणि अखेरपर्यंत तसेच गेले.

काकांना जाऊन वर्ष झालं. परवा झरीला गेलो, तर काकू कम्प्युटर लावत होत्या. पडद्यावर दोन नावं आली, दहापासून आकडे उतरू लागले. थांबल्या असत्या तरी त्यांची गाणी आपोआप उघडली असती. पण काकूंनी कळ दाबली आणि काकांच्या बाजूला गेल्या. तिथलं त्यांना काही म्हणजे काही कळत नाही.

"दर आयतवारी उघडते," त्या म्हणाल्या. "पडीक दिसलं की कुणी बी बांध कोरतंय."

पडद्यावर काकांनी शेवटचा पाहिलेला झरीचा नकाशा होता.