तीन दिवसांची गळती

इतकी वर्षं मी हे कुणाला सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही.

बोईसरला रविवारी सकाळी मी कारखान्यातल्या कामगारांना इंग्रजी शिकवायचे. त्यांच्यात चिंचणीचे एक गृहस्थ होते, चाळिशीचे, तारापूरच्या एका रासायनिक कारखान्यात प्लांटवर. पाळी सोपवताना रजिस्टर इंग्रजीतच लिहायचं, असा त्यांच्या नव्या साहेबांचा दंडक. यांचं इंग्रजी वाचून बाकीचे हसत. म्हणून मीच सांगितलं होतं, आधी कच्चं लिहा, मला दाखवा, मगच रजिस्टरात उतरवा. ते मान खाली घालून तसंच करत.

त्या रविवारी मी काळाचा षष्ठी प्रत्यय घेतला होता. आजची पाळी, कालचं काम, दोन तासांचा उशीर. आपल्याकडे जसं ‘चा, ची, चे’, तसं तिकडे काळाच्या शब्दाला अपॉस्ट्रॉफी. तास संपल्यावर त्यांनी वहीचं पान पुढे केलं. तीन दिवसांची गळती. कालचा वास. आजचा वास जास्त. तिन्ही वाक्यांत अपॉस्ट्रॉफी नव्हती, पण धड्याला इतकी नेमकी उदाहरणं मला सुचली नसती. मी खूश झाले.

“हे पान माझ्याकडे राहू दे. पुढच्या रविवारी फळ्यावर घेऊ.”

“मंग रजिस्टरात लिवू का, बाई?”

“चुकीचं कशाला लिहिता? पुढच्या रविवारी नीट करून देते. घाई काय आहे?”

त्यांनी मान खाजवली. “वास लय येतो, बाई. डोळे झोंबतात.”

मागून कुणीतरी म्हणालं, “तारापुरात वास नाय असा एक दिवस दाखव, मी पेढे वाटतो!” सगळे हसले. मीही हसले. ते पान मी पर्समध्ये घातलं.

सोमवारी आमच्या गॅलरीत नेहमीचाच वास होता. मंगळवारी कपडे आत घेताना त्यांचं बोलणं आठवलं. फोन करावासा वाटला. केला नाही.

बुधवारी दुपारी कारखान्याचा भोंगा वाजायला लागला तो थांबेना. गळत्या पाइपच्या जोडावरचं पॅकिंग उडालं होतं. वायू सरळ त्यांच्या तोंडावर. जगले, पण फुप्फुसं गेली.

चौकशीला आलेला माणूस माझ्याकडेही आला. रजिस्टरात गळतीची नोंद नव्हती. त्यानं विचारलं, “हे तुम्हाला काही लिहून दाखवायचे का?”

पान पर्समध्येच होतं, पर्स मांडीवर. मी म्हणाले, “माझ्याकडे फक्त व्याकरण.”

अहवालात आलं की कामगारानं लेखी कळवलं नाही, त्याचा निष्काळजीपणा. मी क्लास बंद केला. लोकांना सांगितलं, गुडघे दुखतात.

यंदा चिंचणीला गेले. त्यांची बायको ओटीवर जवळा निवडत होती. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. तिचा हात थांबला नाही.

“चार वरसं गाव म्हनतो, ह्याच्या आळसानं झालं. माझा भाव पन म्हनतो.” तिनं एक काडी वेचून फेकली. “आता तो सोता पन तेच म्हनतो. त्याला आठवत नाय कायी. इचारतो माला, मी कळवलं का नसेल गं?”

मी पान पुढे केलं. तिनं घेतलं नाही.

“माला कशाला देता? आत हाय तो. जोरानं बोला, ऑक्सिजनच्या मशीनचा आवाज असतो.”

मी चपला काढल्या. आतून खोकल्याची उबळ आली, बराच वेळ चालली, मग त्यांचा आवाज, “कोन आलाय गं?”

ती माझ्याकडे बघत राहिली.