खवल्यांचा साबण

आमच्या बचत गटाला साबण करायला शिकवणाऱ्या मॅडमनी सांगितले की माशाच्या खवल्यांतून कोलॅजन निघते, ते घातले की फेस दाट येतो आणि कातडी मऊ राहते. मंठ्याच्या बाजारात मासळीवाले खवले फेकूनच देत. ते शिजवायचे कुणी, हे कुणी विचारलेच नाही. सगळ्या बायका माझ्याकडे बघू लागल्या. अध्यक्षबाई म्हणाल्या, "तुमच्यात चालतं ना, मंग तुमच्याच अंगणात करा." मी मान हलवली. तेव्हा मी प्रत्येक गोष्टीला मान हलवायची. त्याचा मला आजही राग येतो.

दर बाजाराला पिशवीभर खवले आणायचे, धुऊन धुऊन वास घालवायचा, लिंबाच्या पाण्यात भिजवायचे, मंद आचेवर शिजवून गाळायचे. पहिल्या खेपेला मी ते पाणी गटाला गरमच दिले. साबणासाठी त्यात कॉस्टिक सोडा पडताच असा उग्र वास सुटला की सगळा साबण फेकावा लागला. मग मी ते पार गार करून देऊ लागले. साबण अध्यक्षबाईंच्या घरी व्हायचा; तिथे बायका माझे भांडे ओट्याखालीच ठेवायला लावत. माझ्या हातचा चहा त्यांनी कधी घेतला नाही, पण त्याच साबणाने सगळ्या तोंड धूत होत्या.

जालन्याला प्रदर्शन लागले. मला खोकी उचलायला नेले आणि गाळ्याच्या मागे बसवले. गळ्यात माळ असलेल्या एक आजी साबणाची वडी हुंगून विचारत होत्या, यात मांसमच्छीचे काही नाही ना. अध्यक्षबाई हसून म्हणाल्या, "बिलकुल न्हाई, आजी. दूध अन् हळद."

माझे कान तापले. मला मागे बसवले ते मी गिळले होते. आता माझी मेहनतही लपवली, तीही एका म्हातारीला फसवायला. मी उठून पुढे आले.

"आजी, यात मासळी हाय. मीच शिजवली."

आजींनी वडी खाली ठेवली, हात पदराला पुसला. "सांगितलंस ते बरं केलंस," म्हणाल्या आणि गेल्या.

गावात जीपमधून उतरताना अध्यक्षबाई म्हणाल्या, "पुढच्या टायमाला तुम्ही येऊ नका. गिऱ्हाईक तुटतं."

"मंग खवले बी तुम्हीच शिजवा," मी म्हणाले.

बाजाराच्या आदल्या दिवशी त्यांनी गटातल्या एकीला पाठवले. राग सोडा, उद्या खवले तेवढे आणा, असा निरोप होता. गाळ्यावर पुढे बसू देणार असाल तर आणते, असे मी सांगितले. विचारून येते म्हणून ती गेली. परत आली नाही.