सातवं नाव

जगातल्या झाडून साऱ्या बायका आपलं वजन लपवतात. माझी धाकटी आत्या तेवढी ते भर जिन्यात ओरडून सांगते. स्वतःचं नव्हे, उचललेलं. "पक्या, आज पस्तीस!" अशी, भेटायला आलेल्या मला ठोकलेली आरोळी चौथ्या मजल्यावरून आली की जेसल पार्कातल्या त्या बिल्डिंगीतल्या नव्या भाडेकरूला वाटतं, म्हातारी वय चोरतेय. वय बहात्तर. अंगात पंजाबी ड्रेस, कपाळाला टिकली, पायात कॅनव्हासचे बूट आणि ओढणी कमरेला अशी आवळलेली की कुणाचं तरी भांडण सोडवायला निघाल्यासारखी. ही रोज सकाळी फरसाणाच्या दुकानावरच्या जिममध्ये जाते. खाली गाठ्या तळत असतात, वर आत्या घाम गाळत असते. त्या वासात व्यायाम करणं हाच खरा व्यायाम, असं माझं मत. मी एकदा गेलो होतो. कोपऱ्यातलं एक लोखंड सहज बाजूला सरकवायला वाकलो आणि पुढचे आठ दिवस त्याच कोनात ऑफिसला गेलो.

आत्याला लिफ्ट चालत नाही. भाजीच्या पिशव्या ती दोन्ही हातांत सारख्या वजनाच्या करून घेते, त्यासाठी भाजीवालीच्या तराजूवर भोपळा इकडचा तिकडे करत बसते. राई गावाहून भाजी घेऊन येणारी ती बाई तिचा दंड चाचपून म्हणाली होती, "बाय, ह्यो हात न्हाय, वल्हं हाय!" हे सर्टिफिकेट आत्याने निदान चाळीस जणांना ऐकवलं असेल, मला सहा वेळा. सिलिंडरवाला येतो तो दारातच हात जोडून उभा राहतो, कारण भरलेला सिलिंडर स्वयंपाकघरापर्यंत आत्या नेणार आणि तो 'आंटी, संभाल के' म्हणत मागून रिकामा चालणार, असा करार आहे. संध्याकाळची मालिका ती पाच किलो आट्याची पिशवी छातीशी धरून, उठाबशा काढत बघते. मालिकेतली सासू कट शिजवायला लागली की हिचा वेग वाढतो. ज्या व्यायामाला सगळं जग डेडलिफ्ट म्हणतं, त्याला ती मात्र 'उचल' म्हणते. "डेड काय मेलं! सकाळी सकाळी अशुभ!"

आणि डोकं? ते तर दंडाहून तयार. माझी बायको माहेरी गेली होती ती तारीख, तेव्हा मी तिला भाजी काय केली म्हणून सांगितलं आणि प्रत्यक्षात काय मागवून खाल्लं, हे तिन्ही तिच्याकडे सुरक्षित आहे. मी एक्कावन्न वर्षांचा माणूस, कपाळावर चढवलेला चष्मा घरभर शोधतो, ती फोनवरून सांगते, "कपाळ चाचप."

ह्या सगळ्याचं मूळ आहे शालूआत्यात, म्हणजे तिच्या पाठच्या नव्हे, पुढच्या बहिणीत. शालूआत्या एकदा बाथरूममध्ये पडली, अंथरुणाला खिळली आणि मग तिच्यातून एकेक नाव निघून जायला लागलं. आधी शेजारी गेले, मग नातवंडं, मग भाऊ. शेवटी शेवटी धाकटी भेटायला गेली, तर शालूआत्या अगदी अदबीने म्हणाली, "बसा हं बाई. तुम्ही कुठल्या?" आत्या घरी आली, दोन दिवस जेवली नाही. डॉक्टर गुडघ्यासाठी म्हणून म्हणालेच होते, की पायांत ताकद ठेवा, थोडं वजन उचला, डोक्यालाही चांगलं असतं. तिने त्यातलं शेवटचं वाक्य तेवढं ऐकलं. तिसऱ्या दिवशी ती जिमच्या पायऱ्या चढली.

तिथे तिने आपली पद्धत काढली. बाकीचे एक, दोन, तीन मोजत वजन उचलतात. आत्या नावं घेते. "आकडे काय, पोपटही मोजेल. नावाला डोकं लागतं." आठ उचली, आठ माणसं, क्रम ठरलेला. दामू, शालू, मधू, नलू, बाळ्या ही पाच भावंडं. सहावा मी. हा मान मिळाला म्हणून मी फुगलो होतो, पण सहाव्या खेपेला तिचा दम संपत आलेला असतो, त्यामुळे 'पक्याऽऽ' हे कुणाच्या तरी पायावर दगड पडल्यासारखं ऐकू येतं. आठवी तिची मुलगी मेधा, ती बंगलोरला असते. आणि सातवे कैलासवासी आतोबा. पण नवऱ्याचं नाव कसं घेणार? म्हणून सातव्या खेपेला नुसतं "हेऽऽ!"

आता जिमची ट्रेनर म्हणजे हेतलबेन. तिचा पहिल्या दिवसापासून पक्का समज, की आंटी ऐन संकटात आपल्याला हाक मारतेय आणि दमामुळे नाव अर्धंच निघतंय. सातव्या खेपेला ती हातातलं सगळं टाकून धावायची. "हां आंटी, मैं हूँ ना! चलो ने, एक और!" बाकीच्या जिमला वाटलं, ही मराठी लोकांची जोर काढायची आरोळी असावी. थोड्याच दिवसांत सगळे धट्टेकट्टे जवान शेवटच्या खेपेला "हेऽऽ" करून ओरडायला लागले. माझे आतोबा आयुष्यभर ऑफिसात हिशेबनीस होते, पाण्याची कळशी उचलली तर कंबर धरायचे. त्यांच्या नावाने भाईंदर पूर्वेत असा जयघोष होईल, असं त्यांना कुणी सांगितलं असतं तर ते घाबरून आत जाऊन बसले असते.

मग जिमने साठीपुढच्या बायकांची स्पर्धा जाहीर केली. चाळीस किलो, आठ उचली. आत्या नाव द्यायला मला घेऊन गेली, का तर "साक्षीदार असावा." हेतलबेनने फॉर्म काढला, पेन सरसावलं. "आंटी, पूरा नाम बोलो. हसबंड का नाम क्या लिखूँ?"

आत्याने तोंड उघडलं. ते उघडंच राहिलं. खाली कढईत काहीतरी चर्रर्र करून पडलं, तेवढाच आवाज. "लाजते आंटी!" म्हणून हेतलबेन हसली, मीही हसलो आणि नाव सांगून टाकलं. जिना उतरताना आत्या मधल्या पायरीवर थांबली. "पक्या," ती हळूच म्हणाली, "तू सांगितलंस ना, तोवर मला आठवतच नव्हतं रे." मी हसणार होतो, पण तिचा चेहरा पाहिला. शालूआत्याच्या खोलीतून बाहेर पडली होती, तेव्हाचाच चेहरा.

चार दिवस ती जिमला गेली नाही. लिफ्टने वर गेली, हे ऐकून मीरा रोडहून मी धावत गेलो. ती आट्याची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. टीव्ही बंद.

"सुरू झालं माझं," ती म्हणाली. "शालूचं असंच सुरू झालं होतं."

"आत्या, तू त्यांचं नाव कधी घेतलंस?"

"लग्नात. घास भरवताना."

"त्यानंतर?"

"लिहिलंय की. रेशन कार्डावर, बँकेत."

"लिहिलंस. तोंडाने?"

"काहीतरीच! त्यांचं नाव कशाला घेऊ मी? अहो म्हटलं की बघायचे ते."

"मग आठवेल कसं? पन्नास वर्षं जे वजन उचललंच नाहीस, ते एकदम उचल म्हटलं तर निघेल का? माझी कंबर आठव."

आयुष्यात मी एवढं शहाणं वाक्य पहिल्यांदाच बोललो होतो, आणि ते खरं आहे की नाही हे मलाच माहीत नव्हतं. आत्या म्हणाली, "तुझी कंबर कशी विसरेन? तिरका चालत वाढदिवसाला आला होतास." पिशवी बाजूला ठेवून ती उठली. "चहा टाकते. तू पोट आत घे."

स्पर्धेच्या दिवशी ती जिम म्हणजे नुसता जल्लोष! आरशांना झेंडूच्या माळा, खालच्या दुकानदाराने पाठवलेला जिलबी-फाफडा (स्पर्धा संपेपर्यंत झाकलेला), बिल्डिंगीतल्या झाडून साऱ्या बायका, आणि पुढच्या रांगेत ती राईची भाजीवाली, टोपलीसकट. आत्या आली. ओढणी आवळली. हातांना पांढरी पावडर चोळली आणि दांड्याला नमस्कार केला. "दामू!" उचललं. "शालू!" सरळ. "मधू! नलू! बाळ्या!" लोक टाळ्यांवर मोजतायत, भाजीवाली ओरडतेय, "वढ गो बाय, वढ!" "पक्याऽऽ!" माझ्याच पायावर दगड पडल्यासारखा मी ओरडलो. मग सातवी. सगळ्या जिमने एका सुरात आरोळी ठोकली, "हेऽऽऽ!" हेतलबेन धावली.

आत्या मात्र बोललीच नाही. चाळीस किलो हातात, गुडघे सरळ, मान वर, ओठ घट्ट. ही नाव आल्याशिवाय दांडा खाली ठेवणार नाही, हे तिथे फक्त मला कळत होतं. हेतलबेन म्हणाली, "आंटी, रख दो!" मी नाव ओरडून सांगणार होतो, जिभेवर आलं होतं. दात आवळून गप्प राहिलो.

"रघुनाथ," आत्या म्हणाली.

ओरडून नव्हे. स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत हाक मारावी, तसं. मग दांडा खाली, मग "मेधा!", आठ पूर्ण, आणि छप्पर उडेल असा गलका. पण आत्या थांबली नव्हती. सगळ्यांचं नाचणं चालू असताना तिने तो दांडा नवव्यांदा उचलला. ओठ हलले, गोंगाटात ऐकू काही आलं नाही.

परतताना रिक्षात ती मांडीवर मेडल आणि जिलबीचा पुडा घेऊन बसली होती. फाटकाशी वाहतूक तुंबलेली.

"आत्या, नववं कशाला?"

ती रस्त्याकडे बघत होती. "त्यांना नावाने हाक मारणारी सगळी माणसं गेली रे. सासूबाई गेल्या, थोरले दीर गेले. म्हटलं, आता मीच उरले. बघावं, पुन्हा निघतंय का."

"मग?"

तिने पुड्याची गाठ सोडून एक जिलबी माझ्या हातावर ठेवली.

"फार जड नाही रे," ती म्हणाली. "उगीच एवढी वर्षं खाली ठेवलं होतं."