कातळ बँडचं गाऱ्हाणं

आमच्या ह्यांनी जहाजावरची नोकरी सोडून गिटार धरली, तेव्हा रत्नागिरीतल्या माझ्या माहेरच्यांनी कपाळाला हात लावला. मी नाही लावला. लग्न झालं त्याच वर्षी हे दर्यावर गेले, नऊ वर्षं नवरा पत्रांतूनच बघितला. आता निदान घरात आवाज तरी होता, आणि आवाज म्हणजे केवढा!

शहाऐंशी साली ह्यांनी, अलोऱ्याच्या कॉलनीतल्या बाळानं आणि ढोलकी सोडून ड्रमवर बसलेल्या रघूनं 'कातळ' नावाचा बँड काढला. रॉक म्हणजे कातळच की! बागेतल्या खोपीला आतून आंब्याच्या पेट्या नि पेंढा लावून कॅसेट रेकॉर्ड केली. प्रती चाळीस. त्यातलं मोठं गाणं म्हणजे आमच्या देवळातलं गाऱ्हाणं. शिमग्याला गावातर्फे देवापुढे ते घालायचा मान माझ्या सासऱ्यांचा, मामंजींचा; त्यांच्या एकेका मागण्याला सगळा गाव 'होय महाराजा' म्हणतो. ह्यांनी लहानपणी ऐकून पाठ केलेलं, तेच गिटारवर घेतलं.

पुण्याच्या एका मासिकात परीक्षण आलं, 'संतप्त तरुणांची व्यवस्थेविरुद्ध तक्रार' म्हणून. अरे मेल्या, आमच्याकडे गाऱ्हाणं म्हणजे देवाला घातलेलं साकडं, तक्रार नव्हे! आणि संतप्त कोण, बाळा? तो दोनदा वाढून घेतल्याशिवाय पाटावरून उठत नाही. तरी तिघं खूश होते.

मामंजींनी ते वाचलं नि अबोला धरला. पोरगा देवाची तक्रार करतो म्हणजे काय! ह्यांना जेवण गोड लागेना. पुणेकर गेला खड्ड्यात, ह्यांना बापाचंच मत हवं होतं. चौथ्या दिवशी मीच चिडले. पडवीत टेप ठेवला नि म्हटलं, "मामंजी, आधी ऐका, मग रुसा."

त्यांनी डोळे मिटून सगळं ऐकलं. त्या ढणढणाटातही एकदोनदा मान डोलली. हे दाराआड घामाघूम.

"एक मागणं राहिलं," मामंजी म्हणाले.

हे पुढे येऊन म्हणाले, तुम्ही घालायचात तसंच शब्दन् शब्द घेतलंय.

"तू गेलास त्या शिमग्यापासून वाढवलंय ते. 'दर्यावर गेलेलं लेकरू सुखरूप घरी आण, महाराजा.' तू होतास कुठे ऐकायला?"

हे बापाच्या पायाशी बसले. माझ्या डोळ्यांना पदर लागला. ती ओळ मुळातलीच, नि ढणढणाटात गाण्यातही असेलच, असं मी समजत होते. नऊ शिमगे बायकांत उभी राहून तिलाच मी सगळ्यांत मोठ्यानं 'होय महाराजा' म्हणत आले होते.