सुकेशनीच्या लग्नाचा आवाज

पेडगावच्या शाळेत आम्हाला इंग्रजी शिकवणारे धम्मानंद सर शब्दाचा नुसता अर्थ सांगून थांबत नसत, त्याचं सगळं खानदान सांगत. वर्गात कालवा झाला की छडी टेबलावर आपटायची आणि म्हणायचं, ‘बेडलम’. मग तास त्यातच जायचा. येशूचं जन्मगाव बेथलेहेम. ते नाव लंडनच्या एका मठाला दिलं. मठात पुढं वेड्यांचा दवाखाना झाला. लोकांच्या तोंडात नाव झिजून बेडलम झालं, आणि आतला आरडाओरडा एवढा गाजला की कुठल्याही गोंगाटाला तेच चिकटलं.

“आन् ध्यानात ठेवा,” सर शेवटी म्हणायचे, “तो दवाखाना बघायला शहाणी माणसं जत्रेला गेल्यासारखी जायची. त्यातला आवाज नेमका कुणाचा, ते कुणी तपासलं न्हाई.”

लग्नाच्या वरातीत डीजे दिसला की हाच तास सर रस्त्यात उभे राहून घेत. ऐकू कुणालाच जायचं नाही. सरांच्या मुलीचं, सुकेशनीचं, लग्न ठरलं तेव्हा पिंगळीचे व्याही लिंबाजीराव यांना त्यांनी एकच अट घातली. डीजे नाही, बँड नाही, फटाका नाही. नवरदेव थोडे दिवस रुसला, मग गप बसला.

परभणीच्या अलीकडं रोडवरचं मंगल कार्यालय ठरलं. सगळं नीट झालं होतं, फक्त एक गोष्ट सरांच्या ध्यानात आली नाही. आमच्याकडं पत्रिका कौतुकानं टीव्हीजवळ ठेवतात, वाचत कुणी नाही. रोडला लागायचं आणि आवाज येईल तिकडं जीप वळवायची. हा हिशोब आजवर कधी चुकला नव्हता.

त्या दिवशी त्याच रोडला, सरांच्या कार्यालयाच्या थोडं अलीकडं, गोविंदराव नावाच्या गृहस्थांच्या मुलीचं लग्न होतं. डीजे असा की दारातले नारळ हलायचे. आख्खं पेडगाव तिथं वळलं आणि थेट पंगतीत बसलं. नवरा-नवरी कोण, हा प्रश्न आपल्याकडं जेवण झाल्यावर पडतो. गोविंदरावांनाही आपली वट एवढी वाढलेली बघून भरून आलं. ते हात जोडून एकेकाला आग्रह करत होते.

इकडं सरांच्या मंडपात भंतेजी, आचारी, नवरदेवाकडचे, सकाळपासून मदतीला आलेला मी आणि रिकाम्या खुर्च्या. सर एकेकाला फोन लावायचे. रिंग जायची, उचलत कुणी नव्हतं. उचलणार कसं, डीजेत फोन ऐकू येतो होय? व्याह्यांकडं कुजबुज सुरू झाली. शेवटी लिंबाजीराव हळूच म्हणाले, “सर, गावात काही वाईट तर झालं न्हाई ना?”

सर पुन्हा फोन लावायला लागले. तेवढ्यात पांढऱ्या साडीतली सुकेशनी पुढं आली. “पप्पा, मामा न्हाई, एक मैत्रीण न्हाई. मी अशी उभी राहणार न्हाई. तुमी माझी माणसं आणा.”

सर माझ्या गाडीवर मागं बसले. गोविंदरावांच्या दारासमोर ओळखीच्या जीपांची रांग बघून आम्हाला सगळं कळलं. सर पंगतीत शिरून ओरडायला लागले. डीजेपुढं त्यांचं काय चालतं! सुकेशनीच्या मामानं तर त्यांना बघून आनंदानं सरकून जागा केली आणि बसायची खूण केली.

मग सर डीजेच्या गाडीवर चढले. चालवणाऱ्यानं गाण्याची फर्माईश समजून माईक हातात दिला. सगळ्या भोंग्यांतून सरांचा आवाज घुमला.

“पेडगाव! तुमचं लग्न हितं न्हाई. उठा.”

खरकट्या हातांनी निम्मी पंगत उठली. गोविंदरावांचं तोंड बघवत नव्हतं.

सुकेशनीचं लग्न उशिरा, पण भरल्या मंडपात लागलं. भंतेजींचा शब्द न् शब्द मागच्या खुर्चीपर्यंत ऐकू गेला. पानं मांडली तेव्हा मात्र सगळं पेडगाव एकमेकांकडं बघायला लागलं. कुणाच्या पोटात घासाला जागा नव्हती.

सरांनी बुंदीची बादली स्वतः उचलली आणि पहिल्यांदा मामापुढं येऊन उभे राहिले.

“दाजी, आत्ताच झालंय हो,” मामा म्हणाला.

“ते चुकून झालं,” सर पानात वाढत म्हणाले. “आता बरोबर जेव.”

मामानं पट्टा सैल केला.