पाहुण्यांच्या वायफायवर बसवलेले स्पीकर

बाळांनो,

मागच्या रविवारी धाकटीने फोनवर विचारलं, "आजोबा आधी आमच्यावर रागावले होते का?" मी म्हटलं, "छे गं, ते शेतात असायचे." शेताचं ते खोटं होतं. लगेच तुमच्या बाबाने 'आजीने स्पीकर दहा मिनिटांत जोडले' अशी थाप मारली आणि मी ती खोडली नाही. एका फोनमध्ये दोन खोट्या गोष्टी मला झेपत नाहीत, म्हणून हे लिहिते आहे.

आजोबांना कमी ऐकू येतं. समोरच्याचं बोलणं कळतं, पण मोबाईलमधून तुमचा आवाज पिठाच्या गिरणीसारखा येतो, असं ते म्हणतात. कानाचं यंत्र आहे. ते डबीत सुखरूप असतं. एकदा थोरल्याने परीक्षेबद्दल काही सांगितलं आणि त्यांनी "मग गार पाण्याने अंघोळ करू नकोस" असा सल्ला दिला. तुम्ही हसलात. त्यात वाईट काही नव्हतं, पण तेवढं हसू मात्र त्यांना नीट ऐकू आलं. पुढच्या रविवारपासून फोनच्या वेळी ते मागच्या दारी विळ्यांना धार लावायला बसू लागले. भाताची कापणी दिवाळीच्या सुमारास होते. धार मार्चपासून चालू होती.

आमच्या गुंजवण्यात मोबाईलची रेंज डोंगराच्या मर्जीवर असते. म्हणून तुमच्या बाबाने आभाळातून इंटरनेट घेणारी पांढरी थाळी गच्चीवर बसवून दिली. मी गच्चीवर कुरडया घालणं बंद केलं. पाठोपाठ त्याने दोन बिनतारी स्पीकर पाठवले. त्यांतून फोनही लावता येतो आणि आवाज खोलीभर येतो. ते कशासाठी आहेत हे घरात कोणी बोललं नाही. आजोबा इतकंच म्हणाले, "मला काय करायचीत गाणी?"

माहितीपत्रक मी पहिल्या पानापासून वाचलं, इशाऱ्यांसकट. पाण्याजवळ वापरू नये, असं त्यात होतं. घरासमोर अख्खं धरण असेल तर काय करावं, हे नव्हतं. राउटरमध्ये दोन वायफाय करता येतात, एक घरच्यांसाठी आणि एक पाहुण्यांसाठी, हे वाचून मला बरं वाटलं. बनवणाऱ्याच्या घरी काही रीत दिसते, म्हटलं. आपल्या घरी बाहेरून आलेलं माणूस आधी पडवीत बसतं, पाणी पितं, मग ओळखीप्रमाणे आत येतं. स्पीकर तर परवाच खोक्यातून आलेले. मी मोबाईल घरच्यांच्या वायफायवर ठेवला, स्पीकर पाहुण्यांच्या वायफायवर जोडले, आणि तशी वहीत नोंद केली.

स्पीकर दिवा लावून बसले, पण मोबाईलला ते काही दिसेनात. चार दिवस मी त्यांना बंद केलं, चालू केलं, जागा बदलली. शेवटी रेंजसाठी धरणाच्या बांधावर जाऊन कंपनीला फोन केला. तिथल्या मुलीने इंग्रजीतून फार गोड आवाजात विचारलं, "मॅडम, घरात कोणी तरुण व्यक्ती आहे का?" मी जन्मभर भोरच्या शाळेत इंग्रजी शिकवलं आहे. मी तिला इंग्रजीतूनच सांगितलं, की घरात माझ्याखेरीज एक एकोणऐंशी वर्षांचे गृहस्थ आहेत आणि ते सध्या विळ्यांना धार लावत आहेत. तिने फोन वरिष्ठांकडे दिला. वरिष्ठांकडे फक्त संगीत होतं.

मग शेजारचे वायरमन आले. वीज खात्यातून निवृत्त झालेले, भाटघरपासून वेल्ह्यापर्यंत जिथल्या तारांना त्यांची पकड लागली नाही असं गाव नाही. बिनतारी हा शब्द त्यांना अपमानासारखा लागला.

"वायर न्हाई तर दोष कुठं हुडकायचा, बाई?"

"आत असेल काहीतरी."

"बगू की मग." असं म्हणून माझ्या देखत त्यांनी एक स्पीकर उघडला. आत वायरी निघाल्या. त्यांना समाधान वाटलं. तो स्पीकर त्यानंतर बोलला नाही.

चहा पिताना त्यांनी माझी वही मागितली. मी मोठ्या अभिमानाने दिली. ते बोट फिरवत वाचत होते.

"मोबाईल घरच्या लाईनीवर आन् स्पीकर पाव्हण्यांच्या?"

"हो. वेगवेगळं नीट राहतं."

"आवो बाई, एक भोरच्या फीडरवर, एक वेल्ह्याच्या. मग हितलं बटन दाबून तितला बल्ब कसा लागंल? पाव्हण्याला पडवीत बशिवला आन् आतून कडी लावली तुमी. आता वराडताय, बोलत का न्हाई."

मागच्या दारी धार लावण्याचा आवाज थांबला. आजोबा तिथूनच म्हणाले, "माझ्या मावशीच्या नवऱ्यालाही हिने असंच बसवलं होतं." हे त्यांना ऐकू आलं, याची मी नोंद घेतली.

"दादा, तुमी बी या की आत," वायरमन मोठ्याने म्हणाले. "आख्ख्या तालुक्यात असलं विळं न्हाईत कुनाकडं. आता दाढी करायची हाय का त्येंनी?"

आजोबा आले नाहीत. मी उरलेला स्पीकर घरच्यांच्या वायफायवर घेतला. पाच मिनिटं लागली. तुमच्या बाबाच्या थापेत तेवढं तथ्य आहे.

रविवारी मी स्पीकर मागच्या दाराजवळच्या फळीवर ठेवला आणि त्यांना काही न सांगता तुम्हाला फोन लावला. तुमचं भांडण चाललं होतं. धाकटी म्हणत होती, दादाने तिचा एक मोजा कुत्र्याला घातला. थोरला म्हणत होता, कुत्र्याने तो मागून घेतला. मला हे सगळं समजायच्या आत दारातून हसण्याचा आवाज आला. आजोबा विळा हातात घेऊन उभे होते. त्यांनी विचारलं, "कुठल्या पायात घातला?" तुम्ही दोघं एकदम बोलायला लागलात, आणि उत्तर चुकलं नाही, कारण या वेळी प्रश्न त्यांचा होता.

म्हणजे ते तुमच्यावर कधीच रागावले नव्हते. त्यांना तुमच्यासमोर पुन्हा चुकायचं नव्हतं, एवढंच. हे मी त्यांना न विचारता लिहिते आहे; विचारलं असतं तर नको म्हणाले असते.

सध्या दोनपैकी एक स्पीकर चालतो. पाहुण्यांचं वायफाय मी बंद केलं आहे. दर रविवारी आजोबा आत येऊन खुर्चीवर बसतात. थोरल्याचं बोलणं त्यांना सगळं ऐकू येतं, धाकटीचं तिच्या तोंडात खाऊ नसेल तेव्हा.